वरातीतला बँजो आणि मैफलीतली गिटार

आज गिटारवर बोलायचं ठरलंय, पण सुरुवात मी बँजोपासून करणार आहे.

आपल्या जालना जिल्ह्यात वरातीत, गणपती विसर्जनात, भीमजयंतीच्या मिरवणुकीत ज्याला आपण बँजो म्हणतो, तो अमेरिकेतला गोल, कातडं ताणलेला बँजो नव्हे. आपला चपट्या पेटीसारखा, वर टाइपरायटरसारखी बटणं. पुस्तकी नाव बुलबुलतरंग. मूळ जपानचं. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये तैशोगोतो नावाचं वाद्य केलं, त्याच घराण्यातला हा. आपल्या हौशी पोरांनी त्याला पिकअप लावला, अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं आणि घरात बसून वाजवायचं वाद्य रस्त्यावर आणलं.

आता मुद्दा बघा. छेडलेली तार बोलते आणि लगेच विझते. गाणं मात्र लांब श्वासाचं. मग तारेला गायला लावायचं कसं? तारवाद्य वाजवणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न असतो.

एक उत्तर हवाईतून आलं. जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेवर लोखंडाचा तुकडा सरकवून बघितला, असं सांगतात. त्यातून हवाईयन गिटार रुजली. पुढे जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी ती मांडीवर आडवी घेतली, अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेतली आणि पोलादी कांडीने मींड काढली. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ऐका. तिथे गिटार खरोखर गाते.

दुसरं उत्तर आपल्या बँजोवाल्यांचं. बटण दाबलं की तार पट्टीवर टेकते. सूर ठरलेला, मधली वाट बंद. म्हणून ते सूर लांबवत नाहीत, तोच सूर पुन्हा पुन्हा छेडतात. उजवा हात इतका झरझर चालतो की तुटक ठोक्यांची एक सलग रेघ होते. मींड नाही, तर शेजारच्या बटणाला निसटता स्पर्श करून कण लावायचा. ढोल-ताशाच्या गदारोळात सूर शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा, तर हे बरोबरच आहे ना?

पण आपण समीक्षक काय म्हणतो? ‘कर्कश आहे, मींड नाही.’ अहो, पेटीवरही हाच आक्षेप होता! ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. आज पेटीशिवाय मैफल होते का? प्रश्न एकच, उत्तरं दोन. एकाला सभागृह मिळालं, दुसऱ्याला रस्ता. हा फरक सुरांचा कमी आणि कोण वाजवतं, कुठे वाजवतं, याचा जास्त आहे.

सगळंच बँजोवादन थोर आहे, असं मी म्हणत नाही. पुष्कळ पार्ट्या सिनेमाची चाल जशीच्या तशी उचलतात, वर इको इतका की सूर बुडतो. पण हे ऐकून म्हणावं, न ऐकता नव्हे.

रवी जाधव यांचा ‘बँजो’ सिनेमा २०१६ मध्ये आला. त्यात वस्तीतल्या बँजोवाल्याला शोधत न्यूयॉर्कहून एक मुलगी येते. सिनेमा कसा आहे ते सोडा, पण ही गोष्ट मला टोचली. गल्लीतला वादक ओळखायला आपल्याला साता समुद्रापलीकडचं माणूस का लागावं?

आता डीजे आला. चार पोरांच्या पार्टीऐवजी एक गाडी आणि भिंतीएवढे स्पीकर. आज जे साठीत आहेत, त्या वादकांच्या बोटांत ही युक्ती आहे. ती कुठल्या वहीत लिहिलेली नाही. हात थांबले की संपली.

म्हणून एकच मागणं. पुढच्या वरातीत बँजो दिसला, तर मोबाइल नवरदेवावरून जरा वादकाच्या उजव्या हाताकडे वळवा. व्हिडिओखाली गाण्याचं नाव लिहिताच, त्याला विचारून त्याचंही लिहा.