कोठार आहे, पण कचरा तिथे पोहोचतो का?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. प्रकल्पाला अणुऊर्जा विभागाचे नाव जोडलेले असल्याने, ‘इथे अणुकचरा साठवणार का?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर नवल नाही. उत्तर सोपे आहे: तिथे लेसरच्या साहाय्याने अतिसूक्ष्म अंतरबदल मोजायचे आहेत, अणुभट्टी नाही, म्हणून तिचा कचराही नाही. परंतु या प्रश्नातून आपल्या शिकवण्यातील एक उणीव दिसते. किरणोत्सारी कचरा म्हटले की आपण अणुभट्टीपाशी थांबतो. रुग्णालये, कारखाने आणि महाविद्यालये यांतही तो निर्माण होतो, हे सांगायचे राहून जाते.

हा सगळा कचरा एकसारखा नसतो. थायरॉइडच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस आहे. त्याचे सांडपाणी टाकीत अडवून ठेवले, तर ८० दिवसांत, म्हणजे दहा अर्धायुष्यांत, किरणोत्सारिता सुमारे एक हजारांशावर येते. सिझियम-१३७ चे अर्धायुष्य मात्र सुमारे ३० वर्षे. तेवढ्याच घटीसाठी ३०० वर्षे थांबावे लागेल. इतका काळ कोणता कारखाना टिकेल? म्हणूनच असे स्रोत वापर संपल्यावर पुरवठादाराकडे परत पाठवणे, नाहीतर मान्यताप्राप्त केंद्रीय कोठारात ठेवणे, हेच शहाणपणाचे. आपल्याकडे अशा कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ पासून आहेत.

मग चुकते कुठे? दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडाहून कोबाल्ट-६० असलेले एक उपकरण आणले होते. १९८५ पासून ते पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडले. अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला.

इथे वर्गात एक गणित घालावे. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. ४२ वर्षांत जवळजवळ आठ अर्धायुष्ये होतात. म्हणजे मूळ किरणोत्सारितेचा सुमारे २५६ वा भाग उरला होता. तेवढाही जीव घ्यायला पुरेसा ठरला. ‘जुने झाले, आता काय उरले असणार!’ हा समज किती घातक आहे, हे विद्यार्थ्यांना या एका आकड्यावरून कळेल.

नियम होते, नियामक मंडळ होते, साठवणीची सोयही होती. नव्हती ती एवढीच जाणीव, की कोपऱ्यातली ही वस्तू इतर लोखंडी सामानासारखी नाही. केंद्रीय कोठार कितीही भक्कम असले तरी ते स्वतःहून कचरा शोधत येत नाही. पाठवणाऱ्याला आठवण असावी लागते. माणसे निवृत्त होतात, प्रयोगशाळा बदलतात, पण स्रोत तिथेच राहतो. ही साखळीतली सर्वांत कच्ची कडी आहे. म्हणून केवळ कोठाराची क्षमता सांगून व्यवस्थेची पाठ थोपटणे आम्हांस अपुरे वाटते. प्रत्येक स्रोत आज कुठे आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, ही नोंद दरवर्षी प्रत्यक्ष वस्तू पाहून तपासली गेली पाहिजे.

डेडस्टॉक रजिस्टर आणि निर्लेखन हे शब्द शिक्षकांना नवे नाहीत. मायापुरीची दुर्घटना अशाच एका साध्या निर्लेखनातून घडली. अर्धायुष्याचा पाठ शिकवताना आलेखाबरोबर ही हकिगतही सांगावी. आपलाच एखादा विद्यार्थी उद्या महाविद्यालयाच्या भांडारात किंवा भंगाराच्या दुकानात काम करील. तीन पात्यांचे ते चिन्ह पाहून त्याने हात मागे घ्यावा आणि वरिष्ठांना कळवावे, एवढे तरी आपल्या शिकवण्यातून साधायला हवे.