उत्पन्न, मिळकत आणि भरपाई : एका न्यायनिर्णयाची अर्थचिकित्सा

सार्वजनिक साहाय्याची कोणतीही योजना आखताना अर्जदाराच्या उत्पन्नाची मर्यादा ठरवावी लागते, आणि मर्यादा ठरली की उत्पन्न कशास म्हणावे हा प्रश्न टाळता येत नाही. प्रश्न वरवर कोशकाराचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर एखाद्या घरची चूल अवलंबून असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लुखार्ड विरुद्ध रीड’ या खटल्यात १९८७ साली दिलेला निर्णय या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

पार्श्वभूमी अशी. मुले असलेल्या निर्धन कुटुंबांना साहाय्य देणाऱ्या तेथील योजनेत १९८१ साली एक नियम घालण्यात आला. कुटुंबास एकरकमी पैसा मिळाल्यास त्या रकमेस मासिक गरजेच्या ठरीव मानाने भागावे आणि भागाकार येईल तितके महिने साहाय्य बंद ठेवावे. समजा, मासिक मान ४०० डॉलर आणि मिळालेली रक्कम ४,८०० डॉलर. तर बारा महिने काही मिळावयाचे नाही. मधल्या काळात रक्कम संपली तरी सामान्यतः हा काळ कमी होत नसे. कुटुंबाच्या हाताबाहेरील कारणाने पैसा गेल्यास फेरगणना करण्याची मुभा राज्यांना मिळाली, ती पुढे १९८४ साली.

व्हर्जिनिया राज्याने अपघातातील शारीरिक इजेची भरपाईही याच नियमाखाली आणली. मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मात्र तेथे ‘साधनसंपत्ती’ गणली जाई. म्हणजे एकाच अपघातात मोटार मोडली आणि पायही मोडला, तर मोटारीचे पैसे संपत्ती ठरत आणि पायाचे पैसे उत्पन्न ठरत!

खालच्या न्यायालयांनी कुटुंबांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. न्या. स्कालिया यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : बुडालेल्या मजुरीची भरपाई ही मजुरीच्या जागी येते, म्हणून ती उत्पन्नच होय, आणि वेदनेबद्दल मिळणाऱ्या पैशाने कोणतीही द्रव्यहानी भरून निघत नाही, तेव्हा द्रव्याच्या हिशेबात तो लाभच ठरतो. न्यायालयापुढील प्रश्न, खात्याचा अर्थ सर्वोत्तम आहे का, एवढा व्यापक नव्हता; तो समंजस आहे का, इतकाच होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. न्या. पॉवेल आणि त्यांच्यासह तिघे न्यायाधीश यांनी भिन्नमत नोंदविले.

या युक्तिवादाचा पहिला भाग मान्य करण्यास हरकत नाही. दुसरा मात्र भाषेच्या कसोटीस उतरत नाही. आत येणारी प्रत्येक वस्तू लाभ होते, असे कोणतीही भाषा मानीत नाही. उसने दिलेले पैसे परत आले, तर त्यांस आपण कमाई म्हणत नाही. मराठीतील ‘भरपाई’ हा शब्द येथे उद्बोधक आहे. भरावयाचे ते खळग्यात. खळगा गृहीत धरल्याशिवाय या शब्दास अर्थच उरत नाही. उलट ‘घबाड’ म्हटले की ध्यानीमनी नसता हाती आलेला निव्वळ लाभ सूचित होतो. पायाचा खळगा द्रव्याचा नव्हता हे खरे. पण भरपाई देणाऱ्या न्यायालयानेच त्याची किंमत द्रव्यात केली होती. किंमत करताना तो खळगा मानावयाचा आणि साहाय्य देताना तो नाहीसा करावयाचा, ही अर्थाची हातचलाखी होय.

उत्पन्न आणि संपत्ती यांतील सीमाही वाटते तितकी पक्की नाही. मराठीत ‘मिळकत’ हा एकच शब्द दोहोंस चालतो : महिन्याची मिळकत निराळी आणि मिळकतकर ज्यावर बसतो ती निराळी. ही सीमा वस्तूत नसून काळाच्या मोजमापात असते. तेथील वृद्ध व अपंगांसाठीच्या पूरक साहाय्यात एकरकमी प्राप्ती त्या महिन्यापुरती उत्पन्न, आणि पुढील महिन्यापासून उरेल तेवढी संपत्ती मानली जाते. तेथे एकट्या व्यक्तीस संपत्तीची मर्यादा १९८९ पासून अवघी २,००० डॉलर आहे. म्हणून उदार म्हणावा असा हाही नियम नव्हे. तथापि हातात जे उरले आहे तेच तो मोजतो. १९८१ चा नियम मात्र संपून गेलेला पैसाही शिल्लक आहे असे धरून चालत असे.

याविरुद्ध एक आक्षेप सबळ आहे. घाम गाळून थोडे मिळवणाऱ्या शेजाऱ्याचे साहाय्य घटावे आणि सोडतीत मोठी रक्कम मिळालेल्याचे अबाधित राहावे, हे न्याय्य नाही. हा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. घबाड मोजलेच पाहिजे. परंतु त्याच न्यायाने भरपाई घबाडात ढकलता येत नाही. मजुरीचा अंश मोजावा, शरीराच्या हानीचा वगळावा, आणि जे मोजावयाचे ते प्रत्यक्ष शिल्लक असेतोवर मोजावे, इतकाच निष्कर्ष वरील चिकित्सेतून निघतो.

ती योजना १९९६ साली रद्द झाली आणि नियमही तिच्याबरोबर गेला. पण उत्पन्नाची अट घालणारी प्रत्येक योजना हा प्रश्न नव्याने उभा करते. नियमाचा मसुदा करणाऱ्याने ‘उत्पन्न’ हा शब्द लिहिण्यापूर्वी, त्या पैशामागे खळगा आहे की नाही, एवढे तरी पाहावे.