लोहारपुत्राचा इतिहास

ऐतिहासिक कलाकृतीची पारख पोशाख व शस्त्रे यांवरून करण्याची रूढी जुनी आहे. प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओज या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेला ‘किंग्डम कम : डिलिव्हरन्स’ हा संगणकावरील खेळ त्या कसोटीस सहज उतरतो. परंतु त्याची खरी थोरवी आम्हांस अन्यत्र दिसते.

कथा इ. स. १४०३ मधील बोहेमियाची. राजा वेन्सेस्लास यास त्याचा सावत्र भाऊ सिगिस्मुंड याने आदल्याच वर्षी बंदिवान केलेले. आणि आता सिगिस्मुंडचे सैन्य स्कालिट्झ हे चांदीच्या खाणीचे गाव जाळून टाकते. येथवर इतिहास. त्या आगीतून वाचलेला लोहाराचा मुलगा हेन्री मात्र कल्पित असून त्याची भूमिका खेळणाराने वठवावयाची आहे. येथे राक्षस नाहीत, मंत्रतंत्र नाहीत.

हेन्रीस धड तलवार धरता येत नाही. वाचताही येत नाही. ग्रंथ उघडावा तर अक्षरांची उलटापालट झालेली दिसते. लेखनिकापाशी शिकल्यावर मग हळूहळू अर्थ उमटू लागतो. निरक्षराची असहायता इतक्या थोडक्यात साक्षरास भोगावयास लावणारी युक्ती आमच्या पाहण्यात नाही.

आम्ही पडलो वकील. तेव्हा आमची नजर तेथील दंडव्यवस्थेकडे वळली. चोरी करताना सापडल्यास दंड भरावा, वाक्चातुर्याने सुटावे, अथवा कोठडी भोगावी, असे मार्ग आहेत. वाणीस यश येणे हे अंगावरील वस्त्रे कशी व किती स्वच्छ, यावरही अवलंबून असते. पैसेवाला व नेटका सुटतो. मळका आत जातो. यावर पंधराव्या शतकास हसण्यापूर्वी वाचकांनी एकवार आपल्या कचेरीचा व्हरांडा आठवावा.

अशा खेळांत बहुधा चूक झाली की मागील क्षणापाशी परतता येते. येथे मनास येईल तेव्हा खेळ जतन करावयाचा तर एक विशिष्ट मद्य खर्ची घालावे लागते, आणि ते विकत घ्यावे वा स्वतः सिद्ध करावे लागते. परतीची वाट महाग झाली, म्हणून प्रत्येक कृतीस वजन आले. जबाबदारी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

मात्र एका ठिकाणी कर्त्यांचे धैर्य खचले. उत्तरार्धात हेन्री हा वस्तुतः सरदार राट्झिग याचा अनौरस पुत्र असल्याचे उघड होते. कर्णासही युद्धापूर्वी आपले कुल कळले होते. पण त्याने त्या कुलाचा लाभ नाकारला, राधेचे पुत्रत्व सोडले नाही, आणि म्हणूनच तो थोर ठरला. येथे असा नकार नाही. उलट, घाम गाळून मिळविलेल्या कौशल्याचे श्रेय नकळत रक्ताकडे जाते. सामान्य माणसाचा इतिहास सांगण्याची प्रतिज्ञा करणाऱ्यांनी अखेरीस कुलीनतेचा आधार का शोधावा?

हा दोष लहान नव्हे. तथापि तो कथेचा आहे, खेळाचा नव्हे. २०२५ साली दुसरा भाग आला, त्यातही हेन्रीच नायक आहे. आमच्या स्मरणात मात्र राहील तो सरदारपुत्र नव्हे, तर लेखनिकापुढे बसून अक्षरे लावणारा लोहाराचा मुलगा.