डिलन ह्यांच्या आत्मचरित्रातील ‘मी’

मायकेल डिलन ह्यांचे ‘आउट ऑफ द ऑर्डिनरी’ हे आत्मचरित्र १९६२ साली लिहून पुरे झाले. ग्रंथरूपाने ते प्रसिद्ध झाले २०१७ साली. लंडनमध्ये १९१५ साली मुलगी म्हणून जन्मलेला आणि १५ मे १९६२ रोजी डलहौसी येथे बौद्ध श्रामणेर म्हणून निवर्तलेला हा लेखक शल्यवैद्यकाच्या इतिहासाला परिचित आहे. त्याच्या गद्याचाही विचार व्हावयास हवा.

त्या दृष्टीने डब्लिनचा काळ सर्वांत महत्त्वाचा. १९४५ साली डिलन ह्यांनी ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकाच्या अभ्यासास आरंभ केला. ऑक्सफर्डची पदवी गाठीशी होती. परंतु ती स्त्रियांच्या संस्थेतून मिळालेली. दाढी राखलेल्या विद्यार्थ्याने तो दाखला पुढे करावा तरी कसा? अखेर एका जुन्या अध्यापकाच्या खटपटीने दाखल्यावर ब्रेझनोज ह्या पुरुषांच्या कॉलेजाचे नाव आले. पुढे १९४६ ते १९४९ ह्या काळात बेसिंगस्टोकनजीकच्या रूक्सडाउन हाउसमध्ये हॅरल्ड गिलीज ह्यांनी त्यांच्यावर किमान तेरा शस्त्रक्रिया केल्या. त्वचेची नळी करून, तिचा रक्तपुरवठा न तोडता ती टप्प्याटप्प्याने जागी न्यावयाची, अशी ही पद्धत. एक जखम भरल्यावाचून पुढचा टप्पा घेता येत नसे. साहजिकच शस्त्रक्रियेची तयारी एकदा करून भागत नसे. सुटी आली की ती पुन्हा करावी लागे. सहाध्यायांना लंगडण्याचे कारण युद्धातील जखम असे सांगितले जाई, आणि रुग्णालयाच्या नोंदीत मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाचे नाव लिहिले गेले. दाखला, नोंद, थाप: ह्या शिक्षणक्रमाची निम्मी पूर्वतयारी शब्दांचीच होती.

त्याच १९४६ साली डिलन ह्यांचा ‘सेल्फ’ हा प्रबंध प्रसिद्ध झाला. मन शरीराजोगे करता येत नसेल, तर शरीर मनाजोगे करावे, हा त्यातील युक्तिवाद. तो संपूर्णपणे परोक्ष आहे. हा प्रश्न आपलाच आहे, असे लेखक कोठेही सुचवीत नाही. आत्मचरित्रातील ‘मी’चे मोल कळावयाचे तर आधी हा प्रबंध वाचला पाहिजे.

इंग्रजीत हा ‘मी’ लिंग न सांगता वावरू शकतो. मराठी भाषांतरकारास ती सोय नाही. ‘मी डब्लिनला गेलो’ की ‘गेले’, हे पहिल्याच पानावर ठरवावे लागेल. सकर्मक भूतकाळाचा आडोसा आहे खरा: ‘मी अर्ज लिहिला’ ह्या कर्मणि प्रयोगात क्रियापद अर्जाचे लिंग घेते, लिहिणाऱ्याचे नव्हे. ‘मी जाईन’ ह्या भविष्यकाळातही लिंग दिसत नाही. परंतु अशा रूपांवर सबंध ग्रंथ रेटला, तर ‘सेल्फ’मधील मौनच पुन्हा हाती येईल, आणि आत्मचरित्र लिहिण्याचे प्रयोजन बुडेल.

ऑक्सफर्डपर्यंत ‘गेले’ व डब्लिनपासून ‘गेलो’, ही तोड वरकरणी प्रामाणिक वाटते. व्याकरणदृष्ट्या मात्र ती चुकीची आहे. ‘मी’शी जुळणारे रूप बोलणाऱ्याला अनुसरते, घटनेच्या काळाला नव्हे, आणि येथे बोलणारा १९६२ सालचा पुरुष आहे. (कोल्हापूरकडील मुली ‘मी आलो’ म्हणतात, म्हणून कोणी त्यांना पुरुष समजत नाही, रूप आणि देह ह्यांचा संबंध आपण मानतो तितका सरळ नाही.) तेव्हा बालपणापासून ‘मी गेलो’ असेच लिहावे लागेल.

अपवाद इतरांच्या उद्गारांचा. ऑक्सफर्डच्या महिला नौकावहन मंडळाच्या अध्यक्षपदी असलेल्या विद्यार्थिनीविषयी भोवतालचे लोक ‘ती’ असेच बोलत. त्यांच्या तोंडचे ते रूप भाषांतरकाराने बदलू नये. निवेदकाचे ‘गेलो’ आणि इतरांचे ‘ती आली’ ही एकाच परिच्छेदात शेजारी येतील, वाचकाला खटकतील, आणि मूळ इंग्रजीत ‘आय’ व ‘शी’ ह्यांच्यामध्ये जे अंतर नुसते अध्याहृत आहे, ते मराठीत प्रत्ययागणिक उघडे पडेल.