'टेक' आणि 'घेणे' : यवतमाळ जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसमोरील अर्थभेदाचा प्रश्न

प्रस्तावना :

इंग्रजी भाषेतील अत्यंत परिचित क्रियापदांपैकी 'टेक' हे एक होय. माध्यमिक शाळेत प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते ठाऊक असते आणि त्याचा अर्थ विचारल्यास 'घेणे' असे उत्तर तो विनाविलंब देतो. हे उत्तर चूक नाही. परंतु पदवीपर्यंत इंग्रजी शिकूनही विद्यार्थ्याच्या लेखनात जे दोष टिकून राहतात, त्यांतील काही ठळक दोषांचे मूळ या एका बरोबर उत्तरात सापडते. प्रस्तुत लेखात 'टेक' आणि 'घेणे' या दोन क्रियापदांचा तौलनिक विचार केला असून 'शब्द आणि त्यापुढे एक प्रतिशब्द' या अध्यापनपद्धतीची समीक्षा केली आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाखांहून अधिक असून तीतील तीन चतुर्थांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. महाराष्ट्र शासनाने २००० साली इयत्ता पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्यामुळे इंग्रजीशी संबंध लवकर येऊ लागला; मात्र घरात, शेतात वा बाजारात इंग्रजी ऐकू येत नसल्याने येथील विद्यार्थ्याचे इंग्रजी प्रामुख्याने पाठ्यपुस्तकातून, शब्दार्थांच्या यादीतून आणि गाइडमधून घडते. यादीतील एक ओळ त्याच्यापुरते संपूर्ण ज्ञान ठरते.

अनेकार्थतेचे स्वरूप :

भाषेतील सर्वाधिक वापरले जाणारे शब्द सर्वाधिक अर्थ धारण करतात. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या संपादकांनी 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदविल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले होते. 'टेक' हाही त्याच कुळातील शब्द. गंमत अशी की तो मूळचा इंग्रजी नाही. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या 'ताका' या धातूपासून तो आला आणि जुन्या इंग्रजीतील 'निमन' या क्रियापदाला त्याने कालांतराने हद्दपार केले. मराठी 'घेणे'चे नाते संस्कृत 'ग्रह्' धातूशी आहे. दोहोंच्या मुळाशी हाताने धरण्याची, पकडण्याची कल्पना आहे आणि त्यानंतर दोघांनीही आपापल्या वाटेने अर्थविस्तार केला आहे.

इंग्रजी शब्दाचे अर्थ फार आहेत, म्हणून विद्यार्थी गोंधळतो, असे सामान्यतः सांगितले जाते. हे कारण अपुरे आहे. 'घेणे'चे अर्थही थोडे नाहीत. चहा घेणे, श्वास घेणे, सूड घेणे, कानोसा घेणे, मनावर घेणे, सभा घेणे, पीक घेणे, जन्म घेणे, तोंडसुख घेणे अशी यादी कितीही लांबविता येईल. आणि यांपैकी एकाही प्रयोगात मराठी मूल अडखळत नाही. अनेकार्थता त्याच्या अंगवळणी पडलेली असते. अडचण येते ती दोन शब्दांचे अर्थ एकमेकांवर अर्धेच बसतात म्हणून.

हा अर्धा मेळ फसवा असतो. 'भाग घेणे', 'काळजी घेणे', 'शपथ घेणे', 'निर्णय घेणे', 'जबाबदारी घेणे', 'औषध घेणे' या सर्व ठिकाणी 'टेक' जसेच्या तसे चालते. सलग सहा ठिकाणी यश मिळाल्यावर सातव्या ठिकाणी शंका घेण्याचे कारण विद्यार्थ्याला उरत नाही. मग 'शिक्षण घेतले'चे 'टुक एज्युकेशन' होते, 'बैठक घेतली'चे 'टुक अ मीटिंग' होते, 'शेतकरी कापसाचे पीक घेतो'चे 'फार्मर टेक्स कॉटन क्रॉप' होते. शिक्षणाला 'रिसीव्ह' वा 'गेट', बैठकीला 'होल्ड' आणि पिकाला 'ग्रो' लागते, हे 'टेक – घेणे' या समीकरणातून कधीच कळणार नाही. 'समजून घेणे', 'करवून घेणे' यांसारख्या रचना तर आणखी वेगळ्या. तेथे 'घेणे' हे मुख्य क्रियापद राहत नाही. क्रियेचे फळ कर्त्याकडे येते एवढेच ते सुचविते. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून संयुक्त क्रियापदांची चर्चा मराठीत होत आली आहे. इंग्रजीच्या तासाला मात्र तिचा उपयोग क्वचितच केला जातो.

उलट दिशेने पाहिल्यास 'टेक'साठी मराठीत 'घेणे' सोडून अनेक क्रियापदे लागतात. फोटो 'काढतात', टिपणेही 'काढतात', मुलाला शाळेत 'नेतात', आंघोळ 'करतात', बसने 'जातात' ('टेक द बस' म्हणजे बस विकत घेणे, असा अर्थ लावणारा विद्यार्थी कोशाशी प्रामाणिकच असतो). वेळ 'लागतो'. हे शेवटचे उदाहरण व्याकरणाच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचे आहे. 'मला एक तास लागतो', किंवा वऱ्हाडीत 'मले एक घंटा लागते', या वाक्यात माणूस चतुर्थीत जातो आणि तास हा कर्ता होतो. इंग्रजीत 'इट' हे अर्थशून्य सर्वनाम कर्त्याच्या जागी बसते, 'टेक्स' हे क्रियापद येते आणि तास कर्म होतो. येथे शब्द बदलून भागत नाही, वाक्याचा सांगाडाच बदलावा लागतो.

थाई विद्यार्थ्यांचे उदाहरण :

ही अडचण केवळ मराठी भाषकांची नाही. थाई भाषेचा इंग्रजीशी वा मराठीशी वंशसंबंध नाही. तरीही थाई विद्यार्थी याच वळणावर थांबतो. थाईमध्ये 'आओ' हे क्रियापद घेण्याचा अर्थ दाखविते. त्याला 'पाइ', म्हणजे जाणे, जोडले की एखादी वस्तू नेण्याचा अर्थ होतो आणि 'मा', म्हणजे येणे, जोडले की आणण्याचा. मराठीतील 'घेऊन जा' आणि 'घेऊन ये' यांची घडण हुबेहूब अशीच आहे. इंग्रजीने मात्र ही दिशा वेगळ्या शब्दाने न दाखविता क्रियापदाच्या पोटातच ठेवली : 'टेक' म्हणजे येथून तिकडे, 'ब्रिंग' म्हणजे तिकडून इकडे. 'टेक अँड गो', 'टेक अँड कम' अशी इंग्रजी वाक्यरचना करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या मनात भाषेचा एक सुसंगत नियम काम करीत असतो, ही गोष्ट थाईच्या तुलनेमुळे स्पष्ट होते. औषधाच्या बाबतीत थाई माणूस 'किन या', म्हणजे 'औषध खाणे', असे म्हणतो. ग्रामीण मराठीतही 'गोळी खाल्ली का?' असेच विचारले जाते. वेळेसाठी थाईमध्ये 'वापरणे' या अर्थाचे क्रियापद येते. सारांश, कोणती कृती कोणत्या क्रियापदाच्या पदरात टाकायची याचा निवाडा प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे करते.

देणे-घेण्याची उलटापालट :

अर्ध्या मेळापेक्षाही अधिक धोका संपूर्ण उलट्या मेळात आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि विद्यापीठ परीक्षा 'घेते'. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. शिक्षक ती 'गिव्ह' करतात वा विद्यापीठ ती 'कंडक्ट' करते. क्रियापदे तीच, व्यक्ती त्याच, पण बाजू बदललेल्या. यामागे केवळ योगायोग नसून दोन भिन्न दृष्टी आहेत. मराठी भाषक परीक्षेकडे जाब देण्यासारखे पाहतो : उत्तर द्यावे, साक्ष द्यावी, हिशेब द्यावा, तशी परीक्षा द्यावी. ज्याच्याकडे अधिकार आहे तो ती घेतो. इंग्रजीच्या दृष्टीने परीक्षा ही वरून येणारी आणि सोसावयाची, स्वीकारावयाची गोष्ट आहे; म्हणून ज्याच्या वाट्याला ती येते तो ती 'टेक' करतो.

'आय गेव्ह द एक्झाम' हे वाक्य भारतात सर्वत्र समजले जाते आणि त्याला सरसकट चूक म्हणणे अन्यायाचे होईल. हिंदीतही परीक्षा देणारा विद्यार्थी आणि घेणारी संस्था अशीच विभागणी असल्याने या प्रयोगाला देशभर आधार आहे. मात्र भारताबाहेरील वाचकाला या वाक्यातून लिहिणारी व्यक्ती परीक्षक असल्याचा भास होऊ शकतो. नोकरीच्या वा प्रवेशाच्या अर्जात असा भास महाग पडतो. विद्यार्थ्याला दोन्ही प्रयोग माहीत असावेत आणि कोणत्या वाचकासाठी कोणता वापरावा याची निवड त्याने स्वतः करावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. 'टेक अ क्लास'ची कथा याहून मजेशीर आहे. भारतात आणि ब्रिटनमध्ये तास घेणारा तो शिक्षक. अमेरिकेत 'क्लास टेक' करणारा प्रामुख्याने विद्यार्थी. म्हणजे इंग्रजीलाही इंग्रजीचे भाषांतर लागते.

या उलटापालटीचे सर्वांत गंभीर उदाहरण यवतमाळच्या वाचकाला शोधत जावे लागत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा जिल्हा गेली अनेक वर्षे इंग्रजी वृत्तपत्रांतून देशभर वाचला गेला. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळचा समावेश होता. अशा बातम्यांत 'टुक हिज ओन लाइफ' हा शब्दप्रयोग वारंवार येत असे. मराठीत यासाठी 'जीव दिला' असे म्हणतात. 'जीव घेतला' याचा अर्थ दुसऱ्याला ठार मारले. 'टेक – घेणे' एवढेच जाणणारा विद्यार्थी मधल्या 'ओन' या लहानशा शब्दाकडे दुर्लक्ष करून पुढे गेला, तर आपल्याच तालुक्यातील मृत्यूची बातमी त्याला खुनाची बातमी वाटेल. तोच विद्यार्थी मराठी वाक्याचे इंग्रजी करू लागला, तर 'जीव दिला'चे 'गेव्ह हिज लाइफ' होईल, आणि इंग्रजीत तो प्रयोग देशासाठी वा इतरांसाठी प्राण अर्पण करणाऱ्यासाठी राखलेला आहे. एका क्रियापदाच्या फरकाने कर्जबाजारी शेतकऱ्याचा मृत्यू एकीकडे गुन्हा आणि दुसरीकडे हौतात्म्य बनतो. आत्महत्येविषयी लिहिताना शब्द जपून वापरावेत असे आज पत्रकारांना आवर्जून सांगितले जाते. भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते सांगितले गेले पाहिजे.

अध्यापनपद्धतीची समीक्षा :

मराठीतील इंग्रजी अध्यापनाची परंपरा याबाबत दरिद्री नव्हती. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि टॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अर्थच्छटांनुसार निरनिराळे मराठी प्रतिशब्द देण्याची दृष्टी होती. अनेक पिढ्यांनी गिरविलेली तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' जुनाट म्हणून आज बाजूला पडली असली, तरी तिचा एक गुण मान्य करावा लागतो : ती विद्यार्थ्याला सुटा शब्द देऊन थांबत नसे, संपूर्ण वाक्याचे भाषांतर करावयास लावीत असे. पुढील काळात पाठाखालील शब्दार्थ आणि परीक्षाकेंद्री गाइड यांनी या परंपरेतील वाक्य टाकून दिले आणि शब्द तेवढा ठेवला. भाषांतर पद्धतीवर होणारी बरीचशी टीका वस्तुतः या आक्रसलेल्या रूपाला लागू पडते.

याच्या उलट टोकाला 'इंग्रजीच्या तासाला मराठी नको' हा आग्रह आहे. तो वरवर आधुनिक दिसतो. परंतु शिक्षकाने मराठी बोलणे बंद केले म्हणून विद्यार्थ्याच्या मनातील 'घेणे' नाहीसे होत नाही. ते न तपासले गेलेले, न बोललेले असे मागे काम करीत राहते. 'परीक्षा देणे' आणि 'टेक' यांतील विरोध फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्याशिवाय दिसत नाही, आणि मांडण्यासाठी मराठी उच्चारावी लागते. म्हणून 'टेक'चे अर्थ पाठ करून घेण्याऐवजी 'घेणे' आणि 'देणे' यांच्या प्रयोगांपासून पाठाला आरंभ करणे अधिक फलदायी ठरेल. जेथे मेळ आहे ती उदाहरणे लवकर आटोपावीत. जेथे बाजू उलटतात तेथे पुरेसा वेळ द्यावा.

यवतमाळ जिल्ह्यात या मांडणीलाही एक मर्यादा पडते. येथील प्रत्येक विद्यार्थ्याची घरची भाषा मराठी नाही. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतील पोडांवर कोलामी बोलली जाते. ती द्राविडी कुळातील भाषा असून एमिनो यांचा तिच्यावरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. गोंडीही द्राविडीच. पुसद, दिग्रस, महागाव परिसरातील तांड्यांवर गोरमाटी ऐकू येते. ती आर्यकुळातील असल्याने तिचा 'घेणे'वाचक धातू हिंदी 'लेना'ला जवळचा आहे. अशा मुलाला 'टेक म्हणजे घेणे' असे सांगणे म्हणजे एका परक्या शब्दाचा खुलासा दुसऱ्या शिकलेल्या शब्दाने करणे होय. मराठी प्रमाण मानून केलेली कोणतीही तुलना त्याला अर्ध्या वाटेवर सोडते.

यासाठी फळ्यावर दोनऐवजी तीन रकाने आखावे लागतील : इंग्रजी, मराठी आणि घरची भाषा. परीक्षा, औषध, वेळ, कर्ज, पीक असे परिचयाचे पाच-सहा शब्द घेऊन प्रत्येकाबरोबर कोणते क्रियापद येते ते लिहावे. पहिले दोन रकाने शिक्षक भरू शकेल. तिसरा भरण्याचे काम पोडावरून आणि तांड्यावरून येणाऱ्या मुलांकडे सोपवावे लागेल; आणि एखाद्या गोष्टीसाठी मूल घरीही मराठीच शब्द वापरत असेल, तर तेथे तोच शब्द तसाच लिहावा.