उगवण टक्केवारी वाचण्याआधी बीजावरण वाचा

ऑर्किडच्या बियांवरचा पेपर हातात आला की आपण बहुतेक जण थेट उगवण टक्केवारीच्या तक्त्यावर उडी मारतो. माझं म्हणणं असं की, आधी ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग वाचा. बीजावरणाचा उल्लेख पेपरात बरेचदा एखाद्या ओळीत उरकलेला असतो, पण निकालावर त्याचाच हात असतो.

आमच्या म्हसवडकडच्या शाळूचा दाणा डोळ्यासमोर आणा. आत भ्रूण, सोबत पुष्क म्हणजे एंडोस्पर्मची भरपूर शिदोरी. ऑर्किडच्या बीत ही शिदोरीच नसते, कारण पुष्क सुरुवातीलाच खुंटतं. उरतो तो जेमतेम गोळ्यासारखा भ्रूण, बहुतेकदा बीजपत्रंही नसलेला. बऱ्याच ऑर्किडांत फूल उमलतं तेव्हा बीजांडंही पूर्ण तयार नसतात. परागण झाल्यावर ती घडतात. बीजांडाला सहसा दोन आवरणं असतात. बाहेरच्या आवरणाच्या पेशी वाळून, मरून टेस्टा बनतो. आतलं आवरण चेपलं जातं, पण काही जातींत त्याचाच भ्रूणाभोवती घट्ट थर राहतो. बोंड पिकताना या भिंतींत लिग्निन साठू लागतं, आणि पाणी आत शिरणं अवघड होतं.

आता जुन्या कामाकडे बघा. बी. जी. एल. स्वामी यांचा १९४९चा ऑर्किड भ्रूणविज्ञानावरचा अभ्यास दोन भागांत आहे: पहिला युग्मकधारींवर, दुसरा भ्रूणाच्या घडणीवर. काम आजही आधाराला घ्यावं असंच. पण शीर्षकं वाचलीत तरी कळतं की प्रकाशझोत भ्रूणावर आहे. आपण तीच सवय पुढे चालवली.

त्यातून गोंधळ होतो तो असा. प्रयोगशाळेत बिया निर्जंतुक करायला सोडियम हायपोक्लोराइट वापरतात. ते जंतू मारतं, आणि सोबत बीजावरणही झिजवतं. समजा, एका जातीच्या बिया पाच मिनिटं बुडवल्या, दुसरीच्या वीस मिनिटं. मग टक्केवारीतला फरक जातीचा की बुडवण्याचा? टेट्राझोलियम चाचणीचंही तसंच: द्रावण आत गेलंच नाही, तर जिवंत भ्रूणही रंगत नाही आणि आपण त्याला मेलेला ठरवतो. कच्च्या बोंडातल्या बिया पिकलेल्यांपेक्षा चांगल्या उगवल्या, तर श्रेय माध्यमाला द्यायचं की अजून कडक न झालेल्या आवरणाला?

१९२२ साली लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर ऑर्किडच्या बिया उगवून दाखवल्या. तेव्हापासून आपलं सगळं लक्ष माध्यमाच्या पाककृतीवर. आवरण मागेच पडलं.

हा नुसता तांत्रिक वाद नाही. आपल्याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, कास-पाचगणीच्या सड्यांवर जमिनीत वाढणाऱ्या हॅबेनेरिया आमरी आहेत. एका जातीचं तर नावच ‘पंचगनिएन्सिस’. जमिनीवरच्या ऑर्किडांच्या पिकल्या बिया उगवायला सहसा जास्त हट्टी असतात. ‘उगवण शून्य, बी निकामी’ असा निष्कर्ष चुकून पक्का झाला, तर जपता आलं असतं असं बी आपण टाकून देऊ.

म्हणून पेपर वाचताना चार प्रश्न लिहून ठेवा: परागणानंतर किती दिवसांनी बोंड काढलं? हायपोक्लोराइट किती तीव्र, किती वेळ? आवरणाचा छेद घेऊन रंगवून पाहिला का? न बुडवलेल्या बियांची तुलना आहे का? शेवटच्या दोहोंचं उत्तर ‘नाही’ असेल तर नाउमेद होऊ नका. तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तिथेच मिळाला समजा.