कागदी टेबलक्लॉथवरचं बिल

पॅरिसमधल्या पहिल्याच आठवड्यात टीमसोबत एका महागड्या, परंपरागत फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. मेन्यूतलं अर्धं काही कळत नव्हतं, पण विचारायची लाज वाटली. शेजारच्याने जे मागवलं, तेच मीही मागवलं. दोन तास जेवत नव्हतो, तोंडी परीक्षा देत होतो.

परतण्याआधी एकटाच 'बुयों शार्तिए'मध्ये गेलो. हे रेस्टॉरंट १८९६ पासून त्याच जागी आहे. बुयों म्हणजे मांस-हाडं उकळून केलेलं पातळ सूप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर द्युवाल नावाच्या खाटकाने पॅरिसच्या बाजारातल्या कामगारांसाठी स्वस्त, गरम जेवणाची सोय केली. पुढे अशा खाणावळींनाच बुयों म्हणू लागले.

उंच छत, आरसे, पितळी रॅक. टेबलावर दोन अनोळखी माणसं आधीच बसलेली, कारण इथे जागा वाटून घ्यायची पद्धत आहे. काळं जाकीट आणि पांढरा एप्रन घातलेल्या वेटरने ऑर्डर थेट कागदी टेबलक्लॉथवर लिहिली. आधी अंडं-मेयोनेज, मग बदकाची तंगडी, तिच्याच चरबीत मंद आचेवर शिजवलेली. अंडं-मेयोनेज म्हणजे उकडलेलं अंडं आणि वर मेयोनेज, बस्स. त्यात शेफची प्रतिभा शोधायला जाऊ नये.

फ्रेंच जेवणपद्धतीला २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. त्यातही भर एखाद्या पदार्थावर नाही, तर एकत्र बसण्यावर आणि जेवणाच्या क्रमावर आहे : सुरुवात, मुख्य पदार्थ, चीज, गोड. साधारण हाच क्रम मी दोन्हीकडे पाहिला. पहिल्या ठिकाणी तो मला घाबरवत होता, दुसऱ्या ठिकाणी सांभाळून घेत होता. फरक फक्त किमतीचा नाही. पहिल्या ठिकाणी नियम तुम्हाला माहीत असतीलच असं गृहीत धरलं होतं. शार्तिएमध्ये सगळं डोळ्यांसमोर होतं. शेवटी वेटरने त्याच कागदावर माझ्यादेखत बेरीज केली. मेन्यूतल्या एका शब्दाचा अर्थ मी बोट ठेवून विचारला, त्याने हातवारे करून सांगितला. कोणी हसलं नाही.

मला माझे आजोबा आठवले. गिरणीत होते तेव्हा ते लालबागच्या एका खाणावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवायचे. तिथे त्यांची बसायची जागा ठरलेली होती. शार्तिएच्या भिंतीतही नंबर घातलेले छोटे खण आहेत. रोजची गिऱ्हाइकं त्यात आपापला नॅपकिन ठेवायची.

पण आता ते खण फक्त बघण्यापुरते उरलेत. बाहेरच्या रांगेत मला दिसले ते बहुतेक माझ्यासारखेच, हातात मोबाइल घेतलेले पर्यटक. इमारतीला १९८९ मध्ये ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, पण रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला वारसा म्हणून जपण्याचा कायदा कुठेच नसतो. लालबागमध्ये तर वास्तूही फारशा उरल्या नाहीत.

तरीही माझं मत शार्तिएलाच. नवख्या माणसाला न लाजता प्रश्न विचारता येतो का, यावर मी कुठल्याही परंपरेला मार्क देतो. चव त्यानंतर.